यिर्मयाने शेत का विकत घेतले?

सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे आहे, म्हणून त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देतो.

“आमचे वडील गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर जे काही पैसे हाती आले, त्यांतून त्यांनी होटगी रस्त्याच्या बाजूला एक लहानसा प्लॉट घेतला. मृत्युपत्र न करताच ते देवाघरी गेले. आता आई, मी आणि धाकटा भाऊ एवढेच आहोत. दोन वर्षांपासून भाऊ एका प्रार्थनागटात जातो. तेथे त्याला असे शिकवले आहे की, देवाने अब्राहामाशी केलेला करार १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभे राहिल्यापासून पुरा होऊ लागला आहे, स्तोत्रात माणसाचे आयुष्य फार तर ऐंशी वर्षे सांगितले आहे, म्हणून २०२८ पर्यंत प्रभू येणार आणि यरुशलेमेतून हजार वर्षांचे राज्य सुरू होणार. प्लॉट विकून पैसे त्या कार्याला द्यावेत असे तो म्हणतो. स्वतःच्या मुलीला नर्सिंगला घालायलाही तो तयार नाही, कारण चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा व्हायच्या आत सगळेच पुरे होणार. आमचे पाळकसाहेब म्हणतात की देवाचे राज्य मनात असते, कशाला चिंता करता. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. करार आता आमचा की इस्राएलचा? राज्य आले आहे की यायचे आहे? आणि मी सही करू का?”

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून ते आधी देतो: नाही. निदान आत्ता तरी सही करू नका. का, हे सांगण्यासाठी मात्र मला बरेच मागे जावे लागेल, कारण तुमच्या घरातला वाद वरवर जमिनीचा दिसत असला तरी तो मुळात ‘करार’ ह्या शब्दाचा आहे, आणि हा शब्द आपण प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी ऐकत असूनही त्याच्यापाशी फारसे थांबत नाही.

आपल्याकडे करार म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो अकरा महिन्यांचा भाडेकरार: मुद्रांकाचा कागद, दोन सह्या, दोन साक्षीदार, आणि एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. पवित्र शास्त्रातले सगळे करार ह्याच साच्यातले आहेत असे धरून चालल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. मूळ इब्री भाषेत त्यासाठी ‘बरीथ’ असा शब्द आहे, आणि गंमत अशी की इब्रीत करार ‘करीत’ नाहीत, ‘कापतात’. का कापतात, ते उत्पत्ती ह्या शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दिसते. अब्राम, कारण अजून त्याचे नाव अब्राहाम झालेले नाही, देवाला विचारतो की हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजावे. तेव्हा त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि एक पारव्याचे पिल्लू आणायला सांगितले जाते. जनावरे मधोमध चिरून त्यांचे अर्धे-अर्धे भाग तो समोरासमोर मांडतो. त्या मांसावर हिंस्र पक्षी झडप घालू लागतात आणि हा म्हातारा माणूस दिवसभर त्यांना हाकलत बसतो. (देवाच्या वचनाची वाट पाहणाऱ्या माणसाचे ह्याहून खरे चित्र मला शास्त्रात दुसरे सापडलेले नाही.) मग सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि त्या तुकड्यांच्या मधून धुमसती आगटी आणि जळती मशाल निघून जाते.

ह्या विधीचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायावरून उलगडतो. करार करणारे लोक चिरलेल्या वासराच्या दोन भागांमधून चालत जात, म्हणजे ‘मी शब्द मोडला तर माझेही असेच होवो’ असे ते आपल्या अंगावर घेत. आता पुन्हा उत्पत्तीकडे पाहा. अब्राम झोपलेला आहे. तो त्या तुकड्यांमधून चाललाच नाही. देवाच्या सान्निध्याची खूण असलेला अग्नी तेवढा गेला. शब्द मोडला तर होणारी शिक्षा देवाने एकट्याने स्वतःवर घेतली आणि समोरच्याकडून सही मागितली नाही. तुमच्या भावाचे अब्राहामाच्या करारावर प्रेम आहे ही चांगली गोष्ट आहे, पण तो करार पुरा करण्याचे ओझे कोणावर आहे हे त्यांनी ह्या अध्यायात एकदा नीट पाहावे असे मला वाटते.

मिसरातून सुटून आलेल्या इस्राएल लोकांशी सीनाय पर्वतावर झालेला करार निराळ्या जातीचा आहे. तेथे लोक जागे आहेत, मोशे ग्रंथ वाचून दाखवतो, परमेश्वराने सांगितलेले सगळे आम्ही करू असे लोक म्हणतात आणि त्यांच्यावर रक्त शिंपडले जाते. येथे दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. पाळाल तर आशीर्वाद, मोडाल तर शाप, आणि ते दोन्ही ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात इतक्या सविस्तर मांडले आहेत की शापांची यादी वाचताना घशाला कोरड पडते. ह्या दोन करारांचे नाते प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, आणि सांगताना उदाहरण घेतले आहे ते माणसांच्या व्यवहारातलेच: माणसाने केलेला करारसुद्धा एकदा कायम झाला की कोणी तो रद्द करत नाही, मग चारशे तीस वर्षांनी आलेले नियमशास्त्र आधीच्या वचनाला कसे रद्द करील? मागाहून झालेल्या कागदाने आधीचे खरेदीखत उडत नाही, हे सोलापुरात कोणाला वेगळे समजावून सांगायला नको.

दावीद राजाशी झालेला करार तर एका शब्दाभोवती फिरतो, आणि तो शब्द मराठीतही तितकाच छान खेळतो. दावीदाला देवासाठी घर बांधायचे होते. नाथान संदेष्ट्याच्या तोंडून उत्तर आले की तू माझ्यासाठी घर काय बांधतोस, मीच तुझे घराणे उभारीन, आणि तुझे राजासन सर्वकाळ टिकेल. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, म्हणजे इ. स. पूर्व ५८७ च्या आसपास, बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, दावीदाच्या वंशातला शेवटचा राजा सिद्कीया ह्याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून नेले, आणि त्या राजासनावर पुन्हा कोणी बसले नाही. देवाने ‘सर्वकाळ’ म्हणून दिलेले वचन आणि डोळ्यांसमोर पडलेली राख ह्यांचा मेळ कसा घालायचा, ह्या वेदनेतूनच भावी राज्याची आशा शास्त्रात वाढली. राज्याविषयीची शिकवण वर्षांच्या बेरीज-वजाबाकीतून जन्मलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

ह्या जळत्या शहरातच आपल्याला थोडे थांबायचे आहे. नव्या कराराचे अभिवचन पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत येते ते यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात: इस्राएलाच्या घराण्याशी व यहूदाच्या घराण्याशी मी नवा करार करीन, माझे नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन, त्यांचे पाप पुन्हा आठवणार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हा उतारा जवळजवळ पूर्ण दिला आहे, आणि ‘जुना करार’ ह्या शास्त्राच्या पहिल्या भागातला इतका लांब उतारा ‘नवा करार’ ह्या दुसऱ्या भागात दुसरीकडे कोठेही नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने प्याला हाती घेऊन ‘माझ्या रक्तात नवा करार’ असे म्हटले ते ह्याच अभिवचनाला धरून. पुढच्या वेळी ट्रेमधली ती बोटाएवढी काचेची पेली हातात येईल आणि सगळ्या बाकांवरून त्यांची किणकिण ऐकू येईल, तेव्हा ती कालवड, तो मेंढा आणि तुकड्यांमधून गेलेली ती मशाल आठवा. देवाने स्वतःवर घेतलेली शिक्षा वधस्तंभावर खरोखर भोगली गेली, असे ख्रिस्ती विश्वास सांगतो, आणि म्हणूनच हा करार ‘रक्तात’ आहे.

आता एकतिसावा अध्याय मिटवू नका, पान उलटा. बत्तिसाव्या अध्यायात हाच यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. बाहेर शत्रूने शहराला मोर्चे लावले आहेत. शहर पडणार हे त्याला ठाऊक आहे, कारण ते त्यानेच सांगितले आहे आणि त्याच कारणासाठी तो आत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो की अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातली जमीन! आजचा कोणताही दलाल हसला असता. यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदार बोलावतो, मोहर करतो. त्याची एक मोहरबंद आणि एक उघडी प्रत आपला लेखनिक बारूख ह्याच्या हाती देतो आणि सांगतो की पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून ही मातीच्या भांड्यात ठेव. कारणही तेथेच दिले आहे: ह्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील.

तुमचे पत्र वाचताना मला सारखे हे मातीचे भांडे दिसत होते. नव्या कराराची घोषणा ज्याच्या तोंडून झाली, त्याच माणसाने शेवट अगदी दाराशी आलेला असताना जमीन घेतली आणि तिचे कागद नीट जपून ठेवले. जमीन विकून मोकळे होण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा अध्याय कसा वाचला असेल, असे मला नेहमी वाटते. बहुधा एकतिसाव्यावरून थेट प्रकटीकरणावर उडी मारली असावी.

तुमचा पहिला प्रश्न आता घेऊ. तुमच्या भावाची बाजू येथे कच्ची नाही, हे मी आधी मान्य करतो. नवा करार ‘इस्राएलाच्या व यहूदाच्या घराण्याशी’ आहे असे यिर्मया उघड म्हणतो, आणि पौल रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात सांगतो की देव आपली कृपादाने व पाचारण मागे घेत नाही. म्हणून इस्राएलला देवाने टाकून दिले आणि सगळी वचने आमच्या नावावर चढली, असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हा अध्याय पुन्हा वाचायला हवा. पण त्याच अध्यायात जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत आहे. आपल्या जिल्ह्यात बोरीची बाग लावणारा शेतकरी रानबोरीच्या खुंटावर उमराणचा डोळा भरतो. मूळ काटक आणि रानटी, फांदी गोड फळाची. पौलाच्या दृष्टांतात सगळे उलटे आहे. मूळ चांगल्या जैतुनाचे, आणि कलम रानटी जैतुनाचे. हे सृष्टिक्रमाच्या उलट आहे असे तो स्वतःच म्हणून ठेवतो. आपण ती रानटी फांदी. म्हणजे रस आपल्याला मिळतो, पण मूळ आपण नव्हे, आणि तोडलेल्या फांद्यांना पुन्हा लावण्याचा अधिकार बागवानाकडेच आहे. जे ख्रिस्ताचे आहेत ते अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहेत, हे गलतीकरांस पत्रातले वाक्य ह्या झाडाशेजारी ठेवले की ‘त्यांचा की आमचा’ हा प्रश्नच निराळा दिसू लागतो. १९४८ च्या राजकीय घटनेचा ह्या करारांशी काय संबंध, ह्याबद्दल प्रामाणिक ख्रिस्ती अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर, ‘नवा करार’ ह्या शास्त्रभागाच्या लेखकांनी अब्राहामाच्या वचनाचा विस्तार सगळ्या राष्ट्रांपर्यंत आणि सगळ्या पृथ्वीपर्यंत केल्यावर एका राष्ट्राच्या सीमारेषांवर आपला विश्वास टांगून ठेवणे मला मागे गेल्यासारखे वाटते.

दुसरा प्रश्न राज्याचा. पाळकसाहेबांचे उत्तर धीर देणारे आहे, पण ते अपुरे आहे, आणि तुम्हाला ते पटले नाही ह्यात तुमचा दोष नाही. ते ज्या वचनावर उभे आहे, ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’, ते लूकाच्या सतराव्या अध्यायात येते. तेथे प्रभू परूशी लोकांशी, म्हणजे त्याला विरोध करणाऱ्या कर्मठ धर्मगटाशी, बोलत आहे, आणि त्यांच्या मनात देवाचे राज्य होते असे म्हणायचे असेल हे अवघडच दिसते. ‘तुमच्यामध्ये’, म्हणजे तुमच्या समोर, माझ्या रूपाने येऊन ठेपलेले, हा अर्थ अधिक जुळतो. राज्य नुसते मनात असते तर दर रविवारी ‘तुझे राज्य येवो’ आणि त्याला जोडून ‘पृथ्वीवरही’ असे म्हणायचे काही कारण नव्हते. प्रभूने राज्य जवळ आले आहे अशी घोषणा केली, आंधळे पाहू लागले, भुते निघाली, आणि त्याच प्रभूने भोजनाच्या वेळी सांगितले की देवाचे राज्य येईपर्यंत मी द्राक्षवेलाचा उपज पिणार नाही. आले आहे आणि यायचेही आहे, अशी दोन्ही टोके शास्त्रातच आहेत. ज्वारीच्या ताटाला कणीस धरले म्हणजे पीक आलेच, पण खळे अजून व्हायचे असते. दोन्हीपैकी एकच वाक्य खरे धरणारा शेतकरी तुम्हाला भेटणार नाही.

हजार वर्षांविषयी थोडे सांगतो. हा काळ शास्त्रात एकाच अध्यायात येतो, प्रकटीकरणाच्या विसाव्यात, आणि तेथे तो सहा वेळा येतो. त्याचा अक्षरशः अर्थ घ्यावा की चिन्ह म्हणून, ह्यावर ख्रिस्ती मंडळीत पहिल्यापासून दोन मते आहेत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर स्वतः यरुशलेमेतल्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवणारा होता, तरी शुद्ध विश्वासाचे आणि भक्तिमान असे पुष्कळ ख्रिस्ती तसे मानत नाहीत, हे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. पुढच्या काळातला थोर धर्मशिक्षक ऑगस्टिन ह्याने आधी तसेच मानले आणि नंतर मत बदलून ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ असे म्हटले. इतिहासाचे निरनिराळे कालखंड पाडून, इस्राएल व मंडळी ह्यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना मांडणारी जी आखणी तुमच्या भावाला शिकवली गेली आहे, ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी ह्यांनी मांडली आणि १९०९ मध्ये स्कोफील्ड ह्यांच्या टिपांसह छापलेल्या इंग्रजी बायबलमुळे जगभर पसरली. नवी आहे म्हणून ती चूक ठरत नाही. पण ‘शास्त्रात तर सरळ असेच आहे’ असे कोणी म्हणाले, तर पानाच्या वरच्या भागात काय आहे आणि खालच्या टिपेत काय आहे, हे वेगळे करून पाहावे.

तारखेच्या बाबतीत मात्र मी एवढा सौम्य राहू शकत नाही. १९४८ पासून एक पिढी, हे गणित पहिल्यांदा चाळीस वर्षांचे होते आणि त्याचे उत्तर १९८८ आले; अमेरिकेत त्या वर्षी पुष्कळ लोक वाट पाहत बसले. मग पिढी सत्तर वर्षांची झाली आणि २०१८ आले. आता स्तोत्र ९० मधली ऐंशी वर्षे धरून २०२८. हिशेब चुकला की दरवेळी पिढी लांबते. अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळते, आणि हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, ह्या ज्या दृष्टांतावर हे सगळे उभे केले जाते, तो लूकाने देताना ‘अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे’ असे लिहिले आहे, त्यामुळे अंजीर म्हणजे इस्राएल राष्ट्र ही फोड तेथे टिकत नाही. त्याआधीचे उदाहरण अधिक दुःखाचे आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २,३०० दिवसांची वर्षे केली, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली आणि १८४३ काढले; मध्ये शून्य वर्ष नसते हे ध्यानात आल्यावर ते १८४४ झाले. अखेर त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर हा दिवस धरला. काहींनी पीक शेतातच राहू दिले. २३ ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखी उजाडली.

इतक्या दूर जायलाही नको. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक गृहस्थ होते, अत्यंत भाविक, आणि हातचे राखून न ठेवता मदत करणारे. कोणीतरी त्यांच्या मनात एक वर्ष भरवून दिले होते. त्या वर्षी त्यांनी गळके पत्रे बदलले नाहीत. कशाला बदलायचे, म्हणाले. हस्ताचा पाऊस आला तेव्हा त्यांची मुले आमच्या खोलीत झोपायला आली आणि गाद्या सुकायला चार दिवस लागले. त्यांच्या विश्वासाची कोणी थट्टा केली नाही, पण पुढे ते उपासनेला येईनासे झाले, आणि मला वाटते की त्यांना प्रभूपेक्षा आपल्याच बेरजेची जास्त लाज वाटली असावी. तुमच्या भावाबद्दल मला हीच भीती आहे. २०२९ उजाडेल तेव्हा प्लॉट नसेल हे तर खरेच, पण त्याबरोबर त्यांचा विश्वासही गेला तर ते नुकसान कोण भरून देणार? पुनरुत्थानानंतर शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, की इस्राएलचे राज्य आपण ह्याच काळात परत स्थापणार काय. राज्य येणारच नाही असे उत्तर त्यांना मिळाले नाही. काळ आणि समय जाणणे तुमच्याकडे नाही, असे मिळाले, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात त्यांना कामाला लावले गेले.

भाऊ कदाचित प्रेषितांची कृत्ये काढून दाखवतील, की पहिल्या मंडळीने जमिनी विकल्या. विकल्या हे खरे. कशासाठी, ते तेथे लिहिले आहे: मंडळीत कोणी गरजवंत राहू नये म्हणून. काळ थोडा आहे म्हणून विकल्या असे तेथे नाही. आणि जमीन विकून काही पैसे लपवून ठेवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र म्हणतो की ती जमीन होती तोवर तुझीच नव्हती काय. त्याचा दोष खोटे बोलण्याचा होता. न विकणे हा गुन्हा नव्हता.

तुमच्या प्लॉटच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईचा एक तृतीयांश हिस्सा, आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा व मुलगी समान. तुम्ही दोघेच भावंडे असाल तर तिघांचे हिस्से सारखेच झाले. भाऊ आपला अविभाजित हिस्सा देऊन टाकू शकतात, पण तुमच्या आणि आईच्या सहीवाचून संपूर्ण प्लॉट विकला जाऊ शकत नाही, आणि आईची सही प्रार्थनेच्या भरात घेतली जाऊ नये ह्याची काळजी तुम्ही घ्यावी. अजून वारसांची नावे लागली नसतील तर एखाद्या माहितगार वकिलाला कागद दाखवून ती आधी लावून घ्या. हा अविश्वास नव्हे. बारूखाने भांडे उगाच शोधले नव्हते.

भावाशी वाद घालताना दोन गोष्टी टाळाव्यात. त्यांच्या गटाची निंदा करू नका, कारण त्या क्षणी ते तुमचे ऐकणे थांबवतील आणि तुमच्याकडे उरलेला एकमेव दरवाजा बंद होईल. आणि २०२८ ला ‘काही होणार नाही’ अशी पैजही मारू नका. तो दिवस आपल्यालाही ठाऊक नाही, तो उद्याही असू शकतो, आणि असला तर आपल्याला आनंदच आहे. त्याऐवजी एका संध्याकाळी आईला मधे बसवून यिर्मयाचे एकतिसावे आणि बत्तिसावे हे दोन अध्याय सलग, मोठ्याने वाचा. भावालाच वाचायला सांगा, मध्ये थांबून काही समजावू नका. मग एवढेच विचारा की नव्या कराराचा संदेष्टा जमीन का घेतो आहे. त्यांचे उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.

भाचीचे प्रकरण मात्र ह्या वाचनाची वाट पाहू शकत नाही. अर्जाची शेवटची तारीख ह्याच महिन्यात आहे असे तुम्ही पत्राच्या कडेला लिहिले आहे. प्रवेशाचे शुल्क भाऊ देत नसतील तर आत्ता तुम्ही आणि आईने मिळून भरा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला आजच काढून ठेवा, आणि मुलीला सांगा की आत्या बरोबर येणार आहे.